गिऱ्हाईकाची जात

"आपल्या लोकायले धंदा जमत नाही बाप्पा. आपलं रगतच चाकरीचं."

रात्रपाळीत चुनीच्या पोत्यांवर बसून आमच्या डाळमिलमधला एक म्हातारा हमाल हे बोलला. चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्याची तूर पाठीवर वाहिली. तो कुणाला हिणवायला बोलला नाही. त्याला तसं वाटतं म्हणून बोलला. मला राग आला तो त्याचा नाही. राग याचा आला की त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं.

दोस्तहो, हा लेख म्हणजे त्या एका वाक्याशी भांडण आहे. मी काही इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली. जे वाचलं ते विहारातल्या कपाटातून, रद्दीच्या दुकानातून आणि पाळी सुटल्यावर. पण रक्ताचा जो दाखला हा म्हातारा देतो, तो तपासायला पदवी लागत नाही.

आपलं रगत चाकरीचं, तर मग वऱ्हाडातल्या महाराच्या घरात माग काय करत होता? नागपूर-वऱ्हाडकडचे महार जाडंभरडं कापड विणत आणि आठवडी बाजारात विकत, हे इंग्रज साहेबांनी आपल्या जातीपातींच्या जाडजूड पुस्तकांत लिहून ठेवलंय. विणणारा म्हणजे कोण? सूत आणणारा, भाव ठरवणारा, नफा-तोटा सोसणारा माणूस. म्हणजे धंदेवाला. पाटलाच्या दारातली भाकर त्याच घरात यायची, हेही खरं. एका हातात जोहार आणि दुसऱ्या हातात धोटा, असा आपला आजोबा होता. आपण त्याचा जोहार लक्षात ठेवला, धोटा विसरलो.

धोटा गेला कसा? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमची काळी माती आठवली. खामगावचा बाजार जगात गाजला. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले, तीच आपली शकुंतला. आमच्या आजीच्या पिढीला ती बाळंतिणीला माहेरी नेणारी गाडी वाटायची. ती टाकली होती कापूस ओढायला. इकडून कापूस गेला, तिकडून गिरणीचं कापड आलं. बाजारात आमच्या जाड्याभरड्याला कोण विचारतो? माग मोडला. विणकर जिनात, प्रेसमध्ये, रेल्वेच्या खडीवर, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, मुंबईच्या चाळीत गेला.

आणि मुंबईच्या गिरणीत काय झालं बघा. विणकर बापाच्या पोराला विणखात्यातच घेईनात! कारण काय, तर धोट्यातल्या कांडीचं सूत संपलं की नवं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा मराठा विणकर तोंडाला कसा लावणार? पगार जास्त तो विणखात्यात, म्हणून विटाळही तिथंच. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला तेव्हा बऱ्याच लाल भाईंना घाम फुटला.

आता मी एक गोष्ट सांगतो, ती मला बरेच दिवस झोपू देत नव्हती. शेतातला कापूस आमची माय वेचते. तिच्या बोटांचं रक्त लागलेली बोंडं चालतात. जिनात आमचा माणूस सरकी काढतो, चालतं. गासडी आमच्या पाठीवरून गाडीत जाते, चालतं. सूत झालं, चार पैसे जास्त मिळायची वेळ आली, की तेवढ्याच जागी विटाळ उभा राहतो. म्हणजे विटाळ हा पैशावर बसलेला नाग आहे. जिथं पैसा नाही तिथं तो फणा काढत नाही.

धंद्याचंही तेच. धंद्याला भांडवल लागतं असं सगळे सांगतात. भांडवलाआधी गिऱ्हाईक लागतं. आणि आपल्या देशात गिऱ्हाईकाला जात असते.

याचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द बाबासाहेब. त्यांच्या पुतळ्याच्या हातातलं पुस्तक आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी एकदा धंदा सुरू केला होता, हे आपल्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे? १९१७ साली बडोद्यात पारशी सरायीतून सामानासकट हाकलल्यावर ते मुंबईला आले. घर चालवायचं होतं. शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी त्यांनी काढली. कोलंबिया आणि लंडनला अर्थशास्त्र शिकलेला माणूस, मुंबईत त्या विषयातला त्यांच्यासारखा जाणता शोधून सापडला नसता. गिऱ्हाईकं येऊ लागली. मग सल्ला देणारा कोण आहे ते कळलं आणि यायची बंद झाली. पेढी मिटली. पुढं १९१८ ला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, तर तिथं काही गुजराती प्राध्यापकांना पाण्याच्या भांड्याची अडचण.

आता सांगा, बाबासाहेबांना धंदा जमला नाही, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? सल्ल्यात खोट नव्हती. मग आमचा पोरगा टपरी टाकतो आणि सहा महिन्यांत उठतो, तेव्हा खोट लगेच त्याच्या रगतात कशी सापडते?

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संस्थानच्या चाकरीतला माणूस, पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्णांनी मार दिला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला म्हणाले, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी चहाचं हॉटेल टाकलं. टेबल आलं, कप आले, किटली आली. माणसं आली नाहीत. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले, बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. छत्रपतीच्या हातातला कप बघून बाकीच्यांचा घसा मोकळा झाला. भांडवल तर महाराजांनी दिलंच, पण खरं दिलं ते गिऱ्हाईक. १९२२ ला महाराज गेले आणि १९२५ ला त्यांचं स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच चहावाल्यानं.

प्रत्येक गंगारामच्या दारात छत्रपतीची गाडी थांबत नाही. नागपूरकडच्या किसन फागूजी बनसोडेंनी १९१० च्या सुमारास स्वतःचा छापखाना उभा केला, कारण आपला मजकूर दुसरा छापत नाही. त्यातून पत्रं निघाली, त्यांतल्या एकाचं नाव 'मजूर पत्रिका'. तो छापखाना धंदा होता की चळवळ? मला दोन्ही वाटतं. आणि जोतिराव फुले? सरकारी बांधकामाचे ठेकेदार होते. पैसा कमावला आणि समाजात ओतला. आपल्या चळवळीचा पाया गरिबीवर नाही उभा दोस्तहो, स्वकष्टाच्या कमाईवर उभा आहे.

आता मी माझ्या मुख्य गोष्टीकडं येतो. ती आमच्या अंगणातली आहे.

वाशिम हा १९०५ पर्यंत जिल्हा होता, मग अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ ला परत वेगळा झाला. म्हणून १९६१ साली अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याला जन्मलेल्या कल्पना सरोज या आमच्याच जिल्ह्याच्या लेक, असं मी हक्कानं म्हणतो. वडील पोलिसात शिपाई. पोरगी शाळेत हुशार, पण शाळेतसुद्धा वेगळं बसवणं होतंच. सातवीपर्यंत शिकली नाही शिकली, बाराव्या वर्षी लग्न. तेव्हा कायद्यानं मुलीला पंधरा वर्षं पूर्ण लागत होती. कायदा पुस्तकात होता आणि मांडव दारात. नवरा वयानं बराच मोठा. मुंबईच्या झोपडपट्टीत सासर, तिथं मार, उपास आणि राबणं. सहा महिन्यांनी बाप भेटायला गेला तर लेक ओळखू येईना. त्यानं कुणाला विचारलं नाही, लेकीला उचललं आणि गावी आणलं. त्या शिपायाला माझा जयभीम!

हे साल १९७३ च्या आगंमागं धरा. १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत दलित पँथर जन्मली होती. सभा गाजत होत्या, कविता पेटत होत्या, मी त्या कवितांवरच वाढलो. पण त्याच मुंबईत, त्याच झोपडपट्ट्यांतल्या एका खोलीत आपलीच बारा वर्षांची पोर मार खात होती आणि मारणारी माणसंही आपलीच होती. आपल्या इतिहासाच्या पानावर ती खोली नाही. ती असायला हवी.

गावात काय झालं? टाकलेली पोर म्हणून बोटं. परत आलेली लेक म्हणजे घराला डाग. तिनं विष घेतलं. वाचली. मरून पाहिलं आणि मरण आलं नाही, तेव्हा जगायचं ठरवलं. सोळाव्या वर्षी पुन्हा त्याच मुंबईत आली.

इथं मला थांबावंसं वाटतं. तिला एका होजिअरीच्या कारखान्यात काम मिळालं. शिवणकाम तिला येत होतं, शिकलेली होती. पण पहिल्या दिवशी मशीनवर बसवलं तर हात हलेना, पाय चालेना. आलेली विद्या अंगातून निघून गेली. मग तिला धागे कापायला बसवलं, दिवसाला दोन रुपये. दुपारी बायका जेवायला उठल्या की ती एकटी त्या मशीनवर बसायची आणि चालवून बघायची. असे काही दिवस गेल्यावर मशीन चाललं, तशी ती कारागीर झाली आणि पगार महिना सव्वादोनशे झाला. हे सगळं त्यांनी स्वतः अनेकदा जाहीर सभांतून सांगितलंय, लपवलं नाही.

त्या रिकाम्या दुपारी मला कारखान्यांपेक्षा मोठ्या वाटतात. मशीन तेच, पोरगी तीच. वर कुणी बघत असलं की हात थरथरायचा, कुणी नसलं की चालायचा. म्हणजे भीती कामाची नव्हती, बघणाऱ्याची होती. हजार वर्षं आपल्याकडं कुणीतरी बघतंय, चुकतो कधी याची वाट बघतंय. मी पहिली कविता एका गावच्या संमेलनात वाचली तेव्हा माझी जीभ अशीच लाकडाची झाली होती. समोर कोण बसलं होतं ते मी सांगत नाही.

पुढं धाकट्या बहिणीचं आजारपण आलं. उपचाराला पैसा नव्हता, बहीण गेली. तेव्हा कल्पनाताईंना कळलं की पैसा ही चैन नसते, कधी कधी तो बहिणीचा जीव असतो. मागासवर्गीयांसाठी महात्मा फुल्यांच्या नावानं सरकारी कर्जयोजना होती. कागदांमागं दोन वर्षं हिंडून पन्नास हजाराचं कर्ज मिळालं. त्यातून शिलाईचं काम, फर्निचरचं दुकान. कल्याणला कोर्टकज्ज्यात अडकलेला प्लॉट स्वस्तात घेतला, कारण भांडणाच्या जागेला दुसरं कोणी हात लावत नव्हतं. ताईंनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आणि प्लॉट सोडवला. तेव्हा त्यांच्या खुनाची सुपारी दिली गेली, असं त्या सांगतात. आपल्याला कायम उरलेलं, पडकं, कज्ज्यातलंच मिळतं. गावात वस्ती नाल्याकडची आणि बाजारात प्लॉट कोर्टातला!

इकडं कुर्ल्याला दुसरी गोष्ट घडत होती आणि ही आपण गिरणीवाल्यांनी नीट वाचायची आहे. कमानी ट्यूब्ज. रामजीभाई कमानींच्या घराण्याचा, तांब्याच्या नळ्या काढणारा कारखाना. रामजीभाईंच्या मागं घरच्यांत भांडणं लागली आणि १९८५ ला कारखाना बंद पडला. कामगार रस्त्यावर. गिरणी संपात मुंबई आधीच मोडलेली होती, त्यात ही आणखी पाचशे-सहाशे घरं. पण कामगारांच्या युनियननं वेगळीच मागणी केली. भरपाई नको, कारखानाच आमच्या हातात द्या. आजारी कारखान्यांसाठी तेव्हा बीआयएफआर नावाचं मंडळ होतं. १९८८ ला त्या मंडळानं कामगारांची योजना मान्य केली, मालक घराण्यातले सुप्रीम कोर्टात गेले, तर कोर्टानंही त्याच वर्षी कामगारांच्या बाजूनं निकाल दिला. कामगारांची सहकारी संस्था कारखान्याची मालक झाली. त्यांनी पगारात काटछाट सोसायची तयारी दाखवली होती. देशात असं आधी झालं नव्हतं.

१९८८ च्या त्या कामगारांना कुणी म्हटलं नसेल का, "तुमचं रगत चाकरीचं"? म्हटलंच असेल.

सुरुवातीला भट्टी चांगली पेटली. मग नव्वदच्या दशकात घसरण लागली. खेळतं भांडवल तुटपुंजं, संघटनांत फूट, बँकांची देणी चढत गेली. कारखाना मोडल्यागत झाला. कामगारांचा सहकार फसला, असं म्हणून भांडवलवाले टाळ्या पिटतात. मी विचारतो, घराण्याचा कारखाना बुडाला तेव्हा भांडवलशाही फसली असं कुणी म्हटलं होतं का?

२००० च्या सुमारास हे कामगार कल्पनाताईंकडं गेले. आमचा कारखाना वाचवा म्हणाले. कर्ज होतं एकशे सोळा कोटींचं, खटले एकशे चाळीसच्या घरात. तांब्याच्या नळीचं त्यांना काही ज्ञान नव्हतं. जाणत्यांनी हात लावू नका असं सांगितलं. त्यांनी जाणती माणसं गोळा केली, मंत्रालयात आणि बँकांत खेटे घातले, दंड-व्याज माफ करून मुद्दल कमी करून घेतलं. २००६ ला कंपनी त्यांच्याकडं सोपवली गेली. बँकांची देणी सात वर्षांत फेडायची होती ती वर्षात, आणि कामगारांची थकबाकी तीन वर्षांत द्यायची होती ती तीन महिन्यांत दिली, असं त्या सांगतात. कारखाना पुढं वाड्याला हलला. २०१३ ला पद्मश्री मिळाली.

दोन रुपये रोज ते एवढ्या मोठ्या कंपनीची मालकी. पोरं हे ऐकून टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या. मग रात्रपाळीला गेलो आणि टाळ्या वाजवलेल्या हातांनी पोतं उचललं, तेव्हा प्रश्न पडला. १९८८ ला पाचशेंवर कामगार मालक होते. २००६ नंतर एक मालकीण झाली. ती आपली आहे, तिनं थकलेला पगार दिला, याचा मला अभिमान आहे. पण मालकी पाचशेंकडून एकीकडं गेली, हा हिशेबही मला वहीत मांडावा लागतो. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढं बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. २००५ ला पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर निघालं, डिक्की. त्यांचं म्हणणं, नोकऱ्या मागू नका, देणारे व्हा. त्यात तथ्य आहे. सरकारी नोकऱ्या आटल्या, आरक्षण कागदावर राहिलं, पोरं काय करणार? पण नोकरी देणारा आपला झाला म्हणून हमालाची पाठ हलकी होते का? विहारात आमचं यावरून भांडण झालं. एकजण म्हणाला, आधी होऊ तर दे मालक, मग टीका कर. दुसरा म्हणाला, बाबासाहेबांनी १९४७ ला मूळ उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असं लिहून दिलं होतं, ते विसरलात. दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच भांडण मिटलं नाही.

माझं मत विचाराल तर, मला कल्पनाताईंची दुपार पाहिजे आणि कुर्ल्याच्या कामगारांचं १९८८ पाहिजे. दोन्ही एकत्र.

मागल्या वर्षी मी एका बँकेत पिठाची गिरणी आणि छोट्या डाळगिरणीच्या कर्जाचा कागद घेऊन गेलो होतो. साहेबानं आडनाव वाचलं, मग कागद न उलटता विचारलं, "चालवता येईल का तुला?" मी सात वर्षं डाळमिलमध्ये आहे. रोलर किती घासला की दाणा फुटतो, ते मला आवाजावरून कळतं. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मशीन हललं नाही. कागद घेऊन घरी आलो.

त्यानंतर मी मिलमधल्या लोकांशी बोलायला लागलो. चाळणीवाला, मोटार दुरुस्त करणारा, तूर हातात घेऊन ओल सांगणारा, बाजार समितीत भाव बोलणारा. सगळी विद्या आमच्याकडं आहे, पोतं फक्त मालकाचं आहे. गिऱ्हाईक आधी वस्तीत शोधायचं, मग आजूबाजूच्या गावांत, असं ठरवलंय. डाळीच्या पुडीवर आडनाव छापायचं की नाही यावर एक अख्खी बैठक गेली. छापायचं ठरलं.

सहकारी संस्थेच्या कागदावर दहा वेगवेगळ्या घरांतली माणसं लागतात. सात सह्या झाल्यात. सातवी त्या म्हाताऱ्या हमालाची आहे, अंगठा नको म्हणाला, नाव लिहायला दोन रात्री शिकला. उरलेले तिघं अजून म्हणतात, "पाहू."